थांबायचं कधी, निघायचं कधी

रुग्णवाहिका दारात उभी राहिली की जमलेल्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘बघत काय बसलात, आधी गाडीत घाला!’ बोलणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्याच्या रागातही मायाच असते. पण जमिनीवर गुडघे टेकून, रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून बसलेला गणवेशातला माणूस खरोखरच बघत असतो. रुग्ण कसा बसला आहे, ओठांचा रंग कोणता, कपाळावर घाम आहे का, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का. हे सगळं पाहायला त्याला अर्धं-एक मिनिट लागतं. त्या मिनिटात तो ज्या निर्णयाला पोचतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं: इथेच थांबून उपचार करायचे, की क्षणही न दवडता निघायचं.

आज १६ ऑक्टोबर. बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू कसं करावं हे सामान्य माणसाला शिकवण्यासाठी हा दिवस जगभर पाळतात. उद्या, १७ तारखेला, जागतिक ट्रॉमा दिन. आज कॉलेजांच्या सभागृहांत मुलं प्लास्टिकच्या पुतळ्यांच्या छातीवर हात दाबतील, उद्या चौकांतून हेल्मेटच्या फेऱ्या निघतील. दोन्ही कार्यक्रम व्हायलाच हवेत. मात्र या दोन दिवसांच्या मधोमध, कुठल्याच फलकावर नाव नसलेला एक माणूस उभा आहे, रुग्णवाहिकेतला पॅरामेडिक. आज रात्री तो छातीत कळ आलेल्या आजोबांकडे जाईल आणि पहाटे महामार्गावर उलटलेल्या टेम्पोकडेही तोच जाईल. त्याचं काम आपण नीट समजून घेतलेलं नाही, आणि त्या न समजण्याची किंमत आपल्याच घरातली माणसं मोजतात.

त्याच्या विद्येचा पाया एका क्रमात आहे. श्वासाची वाट मोकळी आहे का? श्वास पुरेसा चालू आहे का? रक्त नीट फिरतं आहे का? शुद्ध कितपत आहे? आणि शेवटी कपडे बाजूला करून अंगावर कुठे काय दडलं आहे ते पाहणं. भळाभळा रक्त वाहत असेल तर या सगळ्याच्या आधी ते थांबवायचं. एका पायरीवर अडचण सापडली की ती सोडवल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही, असा शिरस्ता आहे. मोडलेला पाय विचित्र वाकलेला दिसतो, नातेवाईक त्याच्याकडेच बोट दाखवून आक्रोश करतात, आणि हा मात्र आधी तोंड उघडून जीभ मागे पडली आहे का ते तपासतो. पाय उद्या जोडता येईल. श्वासाची वाट चार मिनिटं बंद राहिली तर मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते.

हृदयाच्या बाबतीत आपल्या बोलण्यातच एक घोटाळा आहे. ‘अटॅक आला’ आणि ‘हृदय बंद पडलं’ या दोन गोष्टी आपण एकच समजतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बुजते. रुग्ण जागा असतो, बोलतो, घामाने थबथबतो. अनेकदा तो स्वतःच सांगतो, ‘काही नाही, गॅस झालाय.’ मग ओवा, सोडा, पोटावर शेक यांत तास निघून जातो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत कळ येतेच असं नाही. नुसता दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं. म्हणून कसलेला पॅरामेडिक ‘छातीत दुखतंय का?’ एवढंच विचारून थांबत नाही. जिना चढताना काय झालं, दुखणं कुठे सरकतं, किती वेळ झाला, आधी कधी असं झालं होतं का, असं खोदून विचारतो.

इथे त्याला काही मिनिटं थांबावंच लागतं. बारा लीडचा ईसीजी जागेवरच काढायचा, कारण गाडीच्या हादऱ्यात तो नीट येत नाही. रक्तवाहिनी पूर्ण बुजल्याची खूण त्यात दिसली तर साधारण ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायचं, अर्थात त्या औषधाचं वावडं किंवा पोटात रक्तस्राव नाही हे विचारून. जिभेखालची नायट्रेटची गोळी देण्याआधी रक्तदाब पाहायचा, आणि घरचे सगळे समोर असले तरी रुग्णाला हेही विचारायचं की गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक शक्तीची गोळी घेतली होती का. प्रश्न अवघड आहे, पण दोन्ही गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब धाडकन कोसळतो. कानाजवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात हा प्रश्न विचारणारा माणूस मला फार मोठा वाटतो. नियम पाळताना त्याने रुग्णाची अब्रूही जपलेली असते.

ऑक्सिजनचंही असंच. ‘साधा ऑक्सिजनसुद्धा लावला नाही’ ही रुग्णवाहिकेबद्दलची नेहमीची तक्रार. पूर्वी अटॅकच्या प्रत्येक रुग्णाला तो लावत. स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात २०१७ साली दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन मुळात पुरेसा असेल तर वरून दिल्याने काहीच लाभ होत नाही. आता सॅच्युरेशन ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच तो सुरू करावा असं मार्गदर्शन आहे. म्हणजे न लावण्यामागेही अभ्यास असू शकतो. आणि सर्वांत जवळचं रुग्णालय सोडून रक्तवाहिनी उघडण्याची सोय असलेलं थोडं दूरचं रुग्णालय गाठणं, हाही उपचारच आहे. तिथे आधी फोन गेला, ईसीजी मोबाइलवर पोचला, की रुग्ण दारात यायच्या आत तयारी सुरू होते.

हृदय बंद पडणं ही मात्र वेगळी घटना. माणूस कोसळतो, हाक मारून उठत नाही, श्वास थांबतो किंवा मासा तडफडावा तशी अधूनमधून उचकी येते. त्या उचकीला लोक ‘अजून श्वास आहे’ समजतात आणि थांबून राहतात. अनेकदा हृदयाची धडधड निव्वळ थरथर बनलेली असते. ती मोडायला विजेचा झटका लागतो, आणि तो मिळेपर्यंत छाती दाबत राहावं लागतं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देत. कुणीच छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. सिनेमात पडद्यावर सरळ रेघ आली की डॉक्टर झटका देतो आणि नायक उठून बसतो. प्रत्यक्षात सरळ रेघेला झटका लागू पडत नाही, तो थरथरीला लागतो.

आणि नेमकं याच वेळी पॅरामेडिक निघत नाही. माणूस जिथे पडला तिथेच, फरशीवर, फर्निचर ढकलून तो काम सुरू करतो. धावत्या गाडीत, वळणावर तोल सावरत दाबलेली छाती नीट दाबली जात नाही. जिन्यावरून उतरवताना तर दाबणंच थांबतं, आणि थांबलेला प्रत्येक क्षण मेंदूच्या खात्यातून जातो. म्हणून वीस-वीस मिनिटं तो तिथेच घाम गाळतो. बाहेरच्यांना ती टाळाटाळ वाटते. दारात गाडी उभी, आत माणूस मरतोय, आणि हे हलत नाहीत! या गैरसमजातून हात उगारले गेल्याच्या गोष्टी या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. ज्याच्या तळहातांखाली तुमच्या वडिलांच्या जगण्याची शेवटची शक्यता आहे, त्याची कॉलर धरू नका. एवढी एक गोष्ट आज सभागृहातल्या पुतळ्यांइतक्याच कळकळीने शिकवायला हवी.

श्वासाच्या बाबतीत माझ्याच घरातली एक चूक सांगितली पाहिजे. आत्या हृदयाची रुग्ण होती. एका रात्री ती उठून खिडकीशी बसली, गजांना धरून, मान पुढे काढून. एकेक शब्द तोडून बोलत होती. आम्ही चौघांनी, तिला आराम पडावा म्हणून, उचलून जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं. ती उठायला धडपडत होती आणि आम्ही प्रेमाने तिला दाबून झोपवत होतो. फुप्फुसांत पाणी भरलेल्या माणसाला आडवं करणं म्हणजे त्याला आतल्या आत बुडवणं, हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तिचं शरीर आम्हाला नेमकं काय हवं ते सांगत होतं. ते वाचता येणारं तिथे कुणी नव्हतं.

पॅरामेडिक ते वाचतो. दम लागलेल्याला तो बसतं ठेवतो, श्वास मोजतो, मानेचे स्नायू ताणले जात आहेत का ते पाहतो. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. ते तीसच्या पुढे गेले की त्याच्या हालचाली बदलतात. दम्याच्या रुग्णाच्या छातीतली शिटी ऐकून आपण घाबरतो, तो मात्र शिटी बंद झाली की घाबरतो. हवा आत-बाहेर जाणंच थांबलं तर शिटी वाजणार कशी? रुग्ण शांत झाला, डोळे मिटू लागला, घरचे म्हणाले ‘आता बरं वाटतंय वाटतं’, तर तीच सर्वांत धोक्याची वेळ असते. मग नेब्युलायझरवर औषधाची वाफ द्यायची आणि पुढच्या रुग्णालयाला कळवायचं. चुलीच्या धुराने फुप्फुसं झिजलेल्या म्हाताऱ्या बायका आपल्या गावांत घरोघरी आहेत. त्यांना ऑक्सिजन बेताने द्यावा लागतो, सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतकाच. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून त्या गुंगीत जाऊ शकतात.

अपघाताच्या जागी सगळं उलटं होतं. पोटात किंवा छातीत आतून वाहणारं रक्त थांबवायला शस्त्रक्रियेचं टेबल लागतं, रस्त्यावर ते मिळत नाही. इथे थांबणं घातक, म्हणून जागेवरचं काम दहा मिनिटांत आटोपून निघायचं. हात-पायातून रक्त उसळत असेल तर दाबून धरायचं, दाबून थांबलं नाही तर वर टूर्निकेचा पट्टा आवळायचा आणि तो कधी बांधला ती वेळ लिहून ठेवायची. फुप्फुसाभोवती हवा कोंडून एक बाजू हलेनाशी झाली, रक्तदाब कोसळू लागला, तर छातीत सुई घालून ती हवा तिथल्या तिथे सोडावी लागते, ती रुग्णालयापर्यंत वाट पाहत नाही. बाकी सारं धावत्या गाडीत. पूर्वी दोन्ही हातांना सलाईनच्या बाटल्या भराभर सोडत. आता हात आखडता घेतात, कारण पाण्याने पातळ झालेलं रक्त नीट गोठत नाही. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं स्वस्त औषध पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाचे मृत्यू कमी होतात, हे २०१० साली वीस हजारांहून अधिक जखमींवरच्या जागतिक अभ्यासाने दाखवलं. आणि एक अगदी साधी गोष्ट म्हणजे पांघरूण. अंग गार पडलं की रक्त गोठण्याची शक्तीही मंदावते. जखमीवर टाकलेली चादर हे औषधच आहे.

आपल्याकडे जखमीच्या तोंडात पाणी घालण्याची रीत आहे. तहानलेल्याला पाणी द्यावं हे आपल्या रक्तातच आहे, आणि त्यापायी बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी उतरतं. मग दोघे हात धरतात, दोघे पाय, आणि मणक्याचा विचार न करता त्याला रिक्षात कोंबतात. यात दुष्टपणा कुठेच नाही. आपल्याला कुणी शिकवलं नाही, एवढंच. पुढच्या काही आठवड्यांत साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर रात्री उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघतील, कित्येकांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यांवर आदळणारी मोटारसायकल बहुधा विशी-पंचविशीतल्या मुलाची असते. महाराष्ट्रात २०२२ साली रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला लागणारा खर्च आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडून पाहिला की मन विषण्ण होतं.

रुग्णवाहिका म्हणजे रुग्ण वाहून नेणारी गाडी, ही समजूत शब्दातच रुजलेली आहे. ती मोडायला जगालाही वेळ लागला. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातले डॉ. फ्रँक पँट्रिज यांच्या लक्षात आलं, की अटॅकचे बहुतेक मृत्यू रुग्णालयाच्या दाराबाहेर होतात. रुग्ण येत नसेल तर हृदयाचा वॉर्डच त्याच्याकडे जाऊ दे, म्हणून त्यांनी १९६६ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं सुमारे सत्तर किलोचं झटका देणारं यंत्र गाडीत चढवलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात रुग्णांना नेण्याचं काम पोलिसांच्या गाड्या किंवा अंत्यसंस्कार करणारे लोक करत. तिथले डॉ. पीटर साफर हे तोंडाने श्वास देण्याचं आणि छाती दाबण्याचं शास्त्र उभारणाऱ्यांपैकी एक. त्यांची स्वतःची लहान मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्याच वर्षी ‘फ्रीडम हाउस’ सेवा उभी राहिली. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली, बेकार म्हणून हिणवली गेलेली तरुण मंडळी निवडली गेली आणि साफर यांनी त्यांना सुमारे तीनशे तासांचं कसून शिक्षण दिलं. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांमध्ये त्यांची गणना होते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली, ‘फ्रीडम हाउस’ बंद झाली आणि त्या पहिल्यांपैकी अनेक जण हळूहळू बाहेर फेकले गेले. शिकवलेली माणसं टिकवायची असतात, हा धडा तिथे महागात पडला. तो आपण फुकटात घ्यायला हरकत नाही.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. त्यांतल्या २३३ गाड्या गंभीर रुग्णांसाठीच्या अद्ययावत उपकरणांच्या. इतर बहुतेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवले गेले आणि चालकाला ‘पायलट’ हे मानाचं नाव मिळालं. या सेवेने आपली सवय बदलली. तोवर गावात रुग्णवाहिका म्हणजे पतसंस्थेने किंवा गणेश मंडळाने वर्गणीतून घेतलेली ओम्नी, मागे एक स्ट्रेचर, एक सिलिंडर, आणि परतीच्या वाटेवर तीच गाडी शववाहिका. त्या मंडळांचे उपकार मानावेत तेवढे थोडे, त्यांनी सरकारच्या आधी गरज ओळखली. पण मागच्या भागात रुग्णाजवळ कोण बसणार, हा प्रश्न त्या गाड्यांनी सोडवला नाही. मेळघाटात आणि पालघरच्या पाड्यांवर तर आजही माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. गाडी तिथून पुढे.

या मागे बसणाऱ्या माणसाला कायद्याने ओळख मिळाली ती अलीकडे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय कायद्यात पॅरामेडिकांचा समावेश झाला. त्यामुळे शिक्षणाला समान मोजमाप आणि नावाला नोंदणी मिळण्याचा मार्ग खुला झाला. आता राज्याने तो कागदावरून रस्त्यावर आणायचा आहे. आपत्कालीन सेवेतली माणसं ठेकेदाराच्या कंत्राटावर जगतात, ठेका बदलला की त्यांचं भवितव्यही लटकतं. ईसीजी वाचायला शिकलेला, शंभर छात्या दाबलेला माणूस दोन पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्याच धंद्यात गेला, तर नव्याला त्या पातळीवर यायला पुन्हा वर्षं लागतात. सेवेची निविदा काढताना गाड्यांची संख्या आणि पोचण्याची वेळ मोजली जाते. गाडी पोचल्यावर रुग्णासाठी काय केलं, तेही मोजा. ईसीजी किती मिनिटांत निघाला, किती हृदयं पुन्हा सुरू झाली, दर सहा महिन्यांनी उजळणीचं प्रशिक्षण झालं की नाही, हे निविदेच्या अटींत आलं तर वेतन आणि प्रशिक्षणावरही खर्च होईल.

रस्त्यावर थांबून मदत करणाऱ्याला आता भिण्याचं कारण उरलेलं नाही, हेही पुनःपुन्हा सांगितलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतनिसांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ते कलम म्हणून आलं. नाव सांगायची सक्ती नाही, मदत करताना नकळत झालेल्या चुकीबद्दल खटला नाही. अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख करण्याची केंद्राची योजनाही २०२५ पासून लागू झाली आहे. तरीही अपघात पाहून आपल्यातले कित्येक जण काच वर करून पुढे जातात. पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांची जुनी भीती कायद्याच्या एका कलमाने जात नाही. ती ठाण्यातल्या वागणुकीनेच जाईल.

१०८ ला फोन लावाल तेव्हा पलीकडून प्रश्न येतील. त्यांना वेळकाढूपणा समजू नका, कारण उत्तरं देत असतानाच गाडी निघालेली असते. मारुतीच्या देवळापाशी, पाण्याच्या टाकीमागे, अशी खूण सांगा. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का ते सांगा. कुणाला तरी रस्त्यावर उभं करा, लिफ्ट धरून ठेवा, गेटचं कुलूप काढा, घेत असलेल्या औषधांची पिशवी हाताशी ठेवा. आणि ते आत आल्यावर थोडं मागे सरका.

आज रात्री आठच्या सुमारास राज्यातल्या कित्येक तळांवर पाळी बदलेल. नवा आलेला माणूस गाडीचं मागचं दार उघडेल. सिलिंडरचा काटा पाहील, झटक्याच्या यंत्राची बॅटरी तपासेल, सक्शन चालू करून त्याचा आवाज ऐकेल, पेटीतली औषधं मुदतीसकट मोजेल, टूर्निके वरच्या कप्प्यात हाताला लागेल असा ठेवेल. चादर घडी करून स्ट्रेचरच्या पायथ्याशी ठेवेल. मग पायलटला म्हणेल, ‘झालं. तयार आहे.’